रेइश मागुश : किल्ला वाचला, आता कलाकेंद्राचं काय?

पणजीच्या काठावरून मांडवीपलीकडे पाहिलं की उतारावर चिऱ्यांची तटबंदी दिसते आणि तिच्या पायथ्याशी पांढरं चर्च. हा बार्देशातला रेइश मागुशचा किल्ला. आज लोक तिथे चित्रं पाहायला जातात. आमच्या लहानपणी मात्र रेइश मागुश म्हणजे तुरुंग. खोड्या केल्या की घरातली मोठी माणसं त्याच नावाने दम द्यायची. दम देण्याच्या जागेची चित्रं पाहण्याची जागा झाली, हा बदल लहान नाही. म्हणूनच त्याकडे जरा चिकित्सक नजरेने पाहावंसं वाटतं.

इतिहास थोडक्यात. पोर्तुगीजांनी १५५१ साली मांडवीच्या अरुंद मुखावर हा किल्ला बांधला, १७०७ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. १७३९ च्या मराठी मोहिमेत सावंतवाडीकर भोसल्यांनी जवळजवळ सगळा बार्देश घेतला. पोर्तुगीजांकडे उरले ते आग्वाद आणि रेइश मागुश. आपल्याला जिंकलेलेच किल्ले मोजायची सवय आहे. पण न पडलेला किल्लाही आपल्या इतिहासाचा भाग असतो, कारण तो का पडला नाही याचं उत्तर मोहिमेबद्दल बरंच सांगून जातं. १७९८ ते १८१३ इथे इंग्रजांची फौज होती. पुढे तुरुंग झाला, तो १९९३ पर्यंत चालला. मग किल्ला ओस पडला. २००८ मध्ये गोवा सरकार, इंटॅक आणि हेलन हॅमलिन ट्रस्ट यांनी मिळून काम हाती घेतलं. वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली आणि २०१२ मध्ये किल्ला लोकांसाठी उघडला.

मी मूळचा सिव्हिल इंजिनिअर, त्यामुळे आधी भिंतीवर हात ठेवतो आणि पाटी नंतर वाचतो. चिरा म्हणजे सच्छिद्र दगड. पावसात पाणी पितो, उन्हात ते सोडतो. त्यावर चुन्याचा गिलावा असेल तर भिंत श्वास घेते. सिमेंट थापलं की ओल आत अडकते, क्षार फुगतात आणि पाच-दहा पावसाळ्यांत दगडाचाच पापुद्रा सुटतो. जुन्या वास्तूंचं नुकसान तोफांपेक्षा अशा दुरुस्तीनेच जास्त झालंय. रेइश मागुशला किल्ल्याचं अंग किल्ल्याचंच राहिलं. तट, बुरूज, टेहळणीचे मनोरे जागच्या जागी आहेत आणि हॉटेलचा साज कुठेही चढलेला नाही. हे काम उत्तम झालंय, यात मला शंका नाही.

आत काय ठेवायचं, याचा निर्णयही शहाणपणाचा. मारियो मिरांडा यांच्या रेखाचित्रांना ना मोठं सभागृह लागतं, ना भिंती फोडाव्या लागतात. लहान खोल्या आणि जवळून पाहण्याची चित्रं, दोन्ही एकमेकांना शोभतात. स्वातंत्र्यसैनिकांचं दालनही आहे. तुरुंग होता हे लपवलेलं नाही.

माझी पहिली तक्रार इथेच आहे. एका दालनात हसायचं आणि दुसऱ्यात गंभीर व्हायचं, मध्ये दुवा नाही. खरं तर दुवा हाताशी आहे. मारियोंच्या १९४९ ते १९५१ च्या सचित्र रोजनिशा प्रसिद्ध झाल्या आहेत. त्यात लोटलीतली लग्नं, फेस्तं, गावची माणसं आहेत. हेच दिवस सालाझारच्या राजवटीचे. त्याच गोव्यात राजकीय मताबद्दल माणसं गजाआड जात होती. हे दोन गोवे एकाच भिंतीवर शेजारी मांडले, तर पाहणारा थबकेल. चित्रं तीच राहतील, पण त्यांचं हसू वेगळं ऐकू येईल.

दुसरी तक्रार वेळेची. किल्ला दिवसा उघडा असतो. गोव्याची लोककला मात्र रात्रीची. दशावतारी काला, जागर, भजनाचा सप्ताह, यातलं काय दुपारी तीनला होतं? जिथे संध्याकाळी दार बंद होतं ते दालन असेल, संग्रहालय असेल. समाजाचं कलाकेंद्र म्हणायला जीभ अडखळते. पर्यटक चित्रं पाहून उतरतो. वेऱ्या-बेतीतल्या मुलाला मात्र तिथे काही *करायला* मिळत नाही.

उलटं उदाहरण नदीपलीकडेच आहे. पणजीत आझाद मैदानासमोरची लांबलचक इमारत मुळात लष्करी बराक. तिच्याच एका टोकाला आज इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा आहे. प्रवेशद्वारी जॉर्ज कोलासो यांच्या निळ्या फरशांवर कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेत आणि आत सभा, प्रदर्शनं, साहित्यिकांच्या बैठका. तिथे कुणाला 'आपण बराकीत आलोय' असं वाटतही नाही. कारण रस्त्यावरून सरळ आत शिरता येतं आणि बोलावणारा कुणीतरी आपल्यातलाच असतो.

आता इंजिनिअर म्हणून माझ्याच मागणीला लगाम घालतो. किल्ल्यावर वाट्टेल ते करता येणार नाही. खुर्च्या न बांधलेल्या सभेच्या जागेसाठी आपली भारतीय मानकं चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भार धरतात; राहत्या खोलीसाठी त्याच्या निम्म्याहून कमी. जुन्या मजल्यावर दोनशे माणसं नाचवायची नाहीत. दगडी खोलीत आवाज घुमतो, त्यामुळे भाषण कळत नाही; स्पीकर लावला तर आणखीच विचका. चढही सोपा नाही. तेव्हा मोठा मंडप नको, डीजे तर नकोच. पण उघड्या अंगणात, मोजक्या माणसांत, ध्वनिवर्धकाशिवाय घुमट वाजायला काय हरकत आहे? सहा जानेवारीला पायथ्याच्या चर्चमध्ये तीन राजांचं फेस्त भरतं. त्या संध्याकाळी वरचं दार उघडं ठेवायला कितीसा खर्च येईल?

हा हट्ट हौसेपोटी नाही. १९९३ ला कैदी गेले आणि पंधरा वर्षांत किल्ला मोडकळीला आला. तोफा थांबल्या तेव्हा तो पडला नाही, वापर थांबला तेव्हा पडायला लागला. गटार तुंबलंय, कौल सरकलंय हे आधी दिसतं ते रोज येणाऱ्या माणसाला. वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसाला ते उशिरा कळतं. उद्या निधी आटला, पर्यटक दुसरीकडे वळले, तर या वास्तूसाठी भांडायला कोण उभं राहणार? जिच्या अंगणात आपण एकदा तरी फुगडी घातली, तिच्यासाठीच माणूस भांडतो.

वास्तू वाचवण्याचं अर्धं काम चुन्याने होतं आणि ते इथे चांगलं झालंय. उरलेलं अर्धं गावाच्या हाती किल्ली देऊन व्हायचंय. वर्षातल्या चार संध्याकाळी दिल्या तरी सुरुवात होईल.