न वाढलेला आर्नल्ड

विनोदी अभिनयात शब्दाइतकेच विरामाला मोल असते. दहा वर्षांच्या मुलाला हे शिकवून येत नाही; गॅरी कोलमनला ते उपजत अवगत होते. 'डिफरंट स्ट्रोक्स' ही अमेरिकन दूरदर्शन मालिका ३ नोव्हेंबर १९७८ रोजी सुरू झाली. हार्लेममधील दोन पोरक्या कृष्णवर्णीय भावांना मॅनहॅटनमधील एक धनिक, विधुर गोरा गृहस्थ दत्तक घेतो. मुलांची आई त्याच्याच घरी कामाला होती. धाकटा आर्नल्ड म्हणजे गॅरी. थोरल्या विलिसचे बोलणे ऐकून तो क्षणभर थांबे, ओठ पुढे काढी, डोळे बारीक करी आणि मगच आपला ठरलेला प्रश्न टाकी. हशा त्या थांबण्यातून उमटे.

मालिकेचे कथानक मात्र बेताचेच. दारिद्र्य आणि वर्णभेद यांना श्रीमंताच्या दिवाणखान्यात आणून अर्ध्या तासात निकालात काढणे, ही तिची रीत. अपवाद १९८३ मधील दोन भागांच्या कथेचा. सायकलींचा एक दुकानदार गोड बोलून मुलांना नासवू पाहतो, हा विषय सहकुटुंब पाहावयाच्या मालिकेत आणणे धाडसाचेच होते. ज्या मालिकेने मुलांच्या विश्वासाचा घात इतक्या स्पष्टपणे दाखविला, तिने आपल्याच बालनटाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले?

गॅरीला जन्मापासून मूत्रपिंडाचा विकार होता. १९७३ व १९८४ अशी दोनदा मूत्रपिंड रोपणाची शस्त्रक्रिया झाली. विकार आणि औषधे यांमुळे त्याची उंची चार फूट आठ इंचांच्या आसपास थांबली. निर्मात्यांना हे पथ्यावर पडले. पहिल्या वर्षी दहा वर्षांचा गॅरी आठ वर्षांच्या आर्नल्डची भूमिका करीत होता. १९८६ मध्ये मालिका संपली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, तरी आर्नल्ड पोरसवदाच राहिला. अखेरच्या वर्षांतील भाग पाहताना माझे मन खट्टू होते. पूर्वी ज्या प्रश्नात खरे आश्चर्य होते, तो आता नेमून दिलेले काम उरकावे तसा येतो. तरुण नट थकला होता आणि प्रेक्षक त्याला मोठा होऊ देत नव्हते.

पुढची हकिगत वृत्तपत्रांनी चघळून चोथा केलेली आहे. १९८९ मध्ये त्याने आईवडिलांवर व माजी व्यवस्थापकावर कमाईच्या अपहाराबद्दल दावा लावला. १९९३ मध्ये १२ लाख ८० हजार डॉलरचा निकाल त्याच्या बाजूने लागला. बालनटांच्या कमाईच्या रक्षणासाठी कॅलिफोर्नियात १९३९ पासून कायदा होता. पण ती कमाई मुलाच्याच मालकीची आणि तिचा पंधरा टक्के भाग राखून ठेवलाच पाहिजे, हे २००० सालच्या नव्या तरतुदींनी ठरले. तोवर गॅरीने पहारेकऱ्याची नोकरी केली होती, १९९९ मध्ये दिवाळेही जाहीर केले होते.

मला अधिक बोचते ते 'अ‍ॅव्हेन्यू क्यू' हे संगीत नाटक. २००३ मध्ये ते ब्रॉडवेवर आले आणि पुढच्या वर्षी टोनी पुरस्काराचे मानकरी ठरले. त्यात गॅरी कोलमन याच नावाचे पात्र आहे: गरीब वस्तीतील इमारतीची देखभाल करणारा, कधीकाळचा बालनट. मूळ प्रयोगात ते एका अभिनेत्रीने वठविले. खरा गॅरी तेव्हा पस्तीस वर्षांचा, हयात होता. नाटककार बुद्धिमान आहेत, हे नाकारता येत नाही. दुसऱ्याच्या दुःखात सुख मानण्याच्या वृत्तीवरचे गाणे त्यांनी मुद्दाम याच पात्राच्या तोंडी घातले आहे. आपण का हसतो हे त्यांना पक्के ठाऊक आहे. परंतु ही नुसती कबुली झाली, पश्चात्ताप नव्हे. (पाप अचूक सांगून पुन्हा त्याच वाटेने जाणारे आम्हां पुरोहितांना अपरिचित नाहीत.) राजाचे, सेनापतीचे विडंबन आणि पडलेल्या माणसाचे विडंबन यांतील अंतर त्या सभागृहातील हशात बुजून जाते.

त्याच वर्षी एका साप्ताहिकाने उपरोधापोटी शुल्क भरून गॅरीला कॅलिफोर्नियाच्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत उभे केले. १३५ उमेदवारांत तो आठवा आला, मते १४,२४२.

२८ मे २०१० रोजी यूटा राज्यातील प्रोव्हो येथे, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो वारला. नाटकाचे प्रयोग तेव्हा न्यूयॉर्कमध्ये चालूच होते. संवादांत थोडा फेरफार करण्यात आला. पात्राचे नाव तेच राहिले.