चित्र गोष्ट सांगू लागतं तेव्हा

मराठीत लहान मुलांसाठी चित्रं असलेली पुस्तकं भरपूर आहेत. चित्रपुस्तकं मात्र अजून थोडीच. बहुतेक ठिकाणी गोष्ट आधी लिहून होते आणि चित्रकाराला नंतर बोलावणं जातं. मांजर झाडावर चढल्याचं वाक्य असलं की तो झाडावरचं मांजर काढून देतो. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला अक्षरं कुठे येतात? मजकूर त्याच्या कानावर पडतो आणि डोळ्यांनी ते वाचतं ते चित्रच. कानावर पडलं तेच चित्रात पुन्हा दिसलं, तर त्याला शोधायला काही उरत नाही.

माधुरी पुरंदरे यांच्या कामाचं मोल इथे कळतं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे पॅरिसला चित्रकला शिकलेल्या या लेखिकेच्या पुस्तकांत बहुतेक वेळा लिहिणारा आणि रेखाटणारा हात एकच असतो. त्यामुळे कोणती गोष्ट शब्दांत सांगायची आणि कोणती चित्रावर सोडायची, हे कागदावर उतरण्याआधीच ठरलेलं असतं. ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’च्या गोष्टी उघडून बघा. घर राहतं वाटतं. माणसं गोड बाहुल्यांसारखी नाहीत. ती कामात असतात, वैतागतात, दमतात. ‘हात मोडला’मध्ये घडतं ते कोणत्याही घरात घडू शकेल असंच. ‘बाबांच्या मिश्या’ तर अनूच्या मिश्यांच्या वेडावर उभं आहे. त्यात कुणी कुणाला धडा देत नाही, शेवटी कुणी शहाणं होत नाही. मुलाच्या कुतूहलावर इतका भरवसा ठेवायला लेखकाकडे धीर असावा लागतो. पुरंदरे यांना 2014 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी, 2016 मध्ये, मराठी लेखनासाठी तोही त्यांनाच मिळाला. मान सगळ्यांनी दिला, पण त्या वाटेने पुढे गेलेले फार दिसत नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

चित्रपुस्तकांची आपली हौस बरीचशी अनुवादांवरच भागत आली आहे. एका पिढीने मॉस्कोहून आलेली, अनिल हवालदारांसारख्यांनी मराठीत आणलेली पुस्तकं वाचली. सोव्हिएत संघ कोसळला आणि तो ओघ आटला. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाने स्वस्तात चांगले चित्रकार घरोघरी पोचवले. आता प्रथम बुक्स ही प्रकाशन संस्था आहे. तिचं ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचं ऑनलाइन व्यासपीठ 2015 मध्ये सुरू झालं आणि परवाना खुला असल्यामुळे एकच चित्रकथा मराठीत येते तशी कोरकूतही येऊ शकते. घरात एकही पुस्तक नसलेल्या मुलाला मोबाइलवर का होईना, गोष्ट मिळते. हे काम मी मोठंच मानतो. तिथली, रोहिणी निलेकणींनी ‘नोनी’ या नावाने लिहिलेली, केस कापून घेण्यासाठी वणवण फिरणाऱ्या शृंगेरी श्रीनिवासची गोष्ट मुलं पुन्हा पुन्हा मागतात.

तरी एक अडचण राहतेच. मूळ पुस्तकात वाक्य कुठे तोडायचं आणि पान कुठे उलटायचं याचा हिशेब असतो. अनुवादात अर्थ नीट उतरतो, ठेका मात्र हरवतो. मोठ्याने वाचताना जीभ अडखळते आणि मूल लगेच इकडेतिकडे बघू लागतं. बडबडगीतांची आणि ओव्यांची एवढी मोठी पुंजी कानात असलेल्या भाषेने तरी असलं सपाट गद्य खपवून घेऊ नये. शिवाय खूप डिजिटल चित्रांतलं गाव कुठलंच नसतं. तेच गोल डोळे, तीच हिरवी टेकडी.

पैशाचं गणित अवघड आहे, हे मान्य. चारही रंगांची छपाई, जाड कागद, आणि पुस्तक अवघं सोळा किंवा चोवीस पानांचं. पालक ते हातात घेऊन ओळी मोजतात आणि परत ठेवतात. एका पानावर दोनच ओळी असल्या तर त्यांना फसल्यासारखं वाटतं. या सवयीपुढे प्रकाशक मजकूर वाढवतात, चित्र आक्रसतं आणि पुस्तक बिघडतं. मुलाला मांडीवर घेऊन एकाच पानावर पाच मिनिटं थांबता येतं, हे पालकांना दाखवून द्यावं लागतं. पालघर जिल्ह्यात ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘गोष्टरंग’मधून मुलांच्या बाबतीत असंच काहीतरी वेगळ्या रीतीने करते. नट मंडळी शाळांत जाऊन पुस्तकातल्या गोष्टी मुलांपुढे सादर करतात. एकदा गोष्ट अशी भेटली की पुस्तक मुलांना परकं राहत नाही.

त्याच डहाणू-पालघरच्या पट्ट्यात वारली चित्रकार आहेत. रमेश आणि रसिका हेंगाडी, शांताराम आणि कुसुम धडपे यांच्या चित्रांचं ‘डू!’ हे पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सने काढलं. पानागणिक एकेक क्रिया आणि भोवती ती करणारी माणसं, झाडं, जनावरं. मजकूर नावापुरता, पण बोट ठेवावं तिथे काहीतरी घडतंय. वारली रेघ आपण पिशव्यांवर, कपबशांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर छापत बसलो. ती रेघ लहान मुलाला वाचता येते, हे तिकडच्या संपादकांनी ओळखलं आणि चित्रकारांची नावं पुस्तकावर लेखिकेच्या बरोबरीने दिली. आपल्याकडच्या किती प्रकाशकांनी वारली पाड्यावर जाऊन, चित्रकाराला वर्षभराचा वेळ आणि त्याचा योग्य मोबदला देऊन, गोष्ट त्याच्याचकडून मागितली आहे?