सॉफ्टमॅक्स, ८९ हा आकडा आणि हिरवी टेस्ट

प्रॉपर्टी-बेस्ड टेस्टिंग काही नवं नाही. २००० साली क्लासेन आणि ह्यूज यांनी हॅस्केलसाठी क्विकचेक मांडलं. पायथॉनमध्ये तेच काम हायपोथेसिस करतं. आपण उदाहरणं लिहायची नाहीत, नियम लिहायचा. नियम मोडणारे आकडे यंत्र शोधतं आणि होईल तितकं लहान करून दाखवतं.

आता सॉफ्टमॅक्स घ्या. नियम असा: सगळ्या आकड्यांत एकच संख्या मिळवली तर उत्तर बदलत नाही. कोणी सूत्र जसंच्या तसं लिहिलं, आधी सर्वांत मोठा आकडा वजा केला नाही, तर e चा ८९वा घात ३२-बिट फ्लोटमध्ये मावत नाही. अनंत भागिले अनंत, उत्तर नॅन. हायपोथेसिस हे पकडतं. छान.

पण गोम पुढे आहे. ० आणि १ घ्या, दोन्हींत दहा कोटी मिळवा. तिथे ३२-बिटमधल्या शेजारच्या दोन संख्यांत ८ चं अंतर असतं, म्हणजे आपला १ गिळला गेला! उत्तर ०.२७ आणि ०.७३ हवं, येतं ०.५ आणि ०.५. कोड बरोबर आहे हो, नियमच कागदावरच्या गणिताचा होता.

मग माणूस काय करतो? आकडे उणे १० ते १० मध्ये कोंबतो. टेस्ट हिरवी होते. आणि तो नॅनवाला चुकीचा कोडही पास होतो! मला हे लाल टेस्टपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. त्यापेक्षा साधा नियम लिहा: इनपुट सांत असेल तर नॅन नको, प्रत्येक उत्तर ० ते १ मध्ये, बेरीज १ च्या जवळ. यात ८९ सापडतो आणि दहा कोटींवरून भांडण होत नाही.

पायटॉर्चने क्वांटायझेशनच्या टेस्टमध्ये हायपोथेसिस घेतलं, पण सीआयच्या प्रोफाइलमध्ये डीरँडमाइझ चालू आणि उदाहरणं ५०. कारण समजतं. नव्या माणसाचा पहिला पॅच दुसऱ्याच्या जुन्या चुकीमुळे लाल झाला, तर तो परत कशाला येईल? पण टेस्ट बदलेपर्यंत तीच ५० उदाहरणं रोज चालवणं म्हणजे शोध थांबवणं. पॅचवर ठरलेली उदाहरणं चालवा, रात्री वेगळा रन खरोखर यादृच्छिक ठेवा, सीड लॉगमध्ये लिहा. आणि तो लॉग सकाळी कोण वाचणार, हे आधी ठरवा.