रूम लागली

'खोली' हा शब्द असताना 'रूम' कशाला, हा भाषाशुद्धीच्या बाजूने नेहमी येणारा प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. इंग्रजी शब्द आपला अर्थ जसाच्या तसा घेऊन येतो आणि आधीच्या मराठी शब्दाला उठवून त्याच्या जागी बसतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. मी पनवेलजवळच्या कोनमध्ये राहतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या या गावात 'रूम' हा शब्द दिवसातून निदान तीन वेगळ्या अर्थांनी कानावर पडतो, आणि त्यांतला एकही 'खोली' या शब्दात नीट मावत नाही.

इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ चार भिंती नव्हेच. रूम म्हणजे मोकळी जागा, अवकाश. जर्मनमधला त्याचा भाऊबंद 'राउम' आजही तो अर्थ सांभाळून आहे. बंदिस्त दालन हा अर्थ पंधराव्या शतकाच्या सुमारास रुळला, पण जुना मेला नाही. इंग्रजीत गाडीत रूम असते, संशयाला रूम असते, सुधारणेलाही असते. ख्रिस्तजन्माच्या वेळी उतारशाळेत रूम नव्हती असे १६११ च्या इंग्रजी बायबलात येते, तिथे अभिप्रेत आहे ती जागा. आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे मात्र हॉटेल भरल्याचा फलक येतो. मराठी बायबलने तिथे 'जागा' हाच शब्द योजला. हा पहिला अर्थ मराठीने उचललाच नाही. 'जागा' आणि 'वाव' हे दोघे ते काम आधीपासून करत होते. 'संशयाला रूम आहे' असे अजून तरी कोणी म्हणत नाही, हे नशीब.

उचलले ते दालन, आणि त्याचे आपण भलतेच काही केले. लिंग 'खोली'चे दिले: ती रूम. इकडच्या आगरी बोलण्यात अनेकवचनही झाले, 'चार रूमा भाड्यानं दिल्यात'. पण विभक्तीपाशी शब्द अडतो. बँक 'बँकेत' गेली आणि शाळेसारखी वागू लागली; रूम बहुतेकांच्या तोंडी 'रूमेत' जात नाही, 'रूममध्ये'च राहते. एकटा राहणारा माणूस तर 'रूमवर' असतो. घरी, खोलीत, रूमवर! हा 'वर' कामावर, ड्युटीवर, साइटवर या कुळातला. जिथे माणूस तेवढ्यापुरता नेमलेला असतो, तिथे तो 'वर' असतो. रसायनी-पाताळगंगेच्या कारखान्यांत कंत्राटावर आलेला मराठवाड्यातला मुलगा पाळी संपली की 'रूमवर' जातो आणि दिवाळीला 'घरी'. केवळ 'खोली' असा प्रतिशब्द देणारा कोश या मुलाला ओळखत नाही.

गिरणगावच्या मराठीत हीच रूम अगदी उलट्या टोकाला गेली. तिथे रूम म्हणजे घर, आणि घरापेक्षाही घरावरचा हक्क. 'त्याची परळला रूम आहे' याचा अर्थ त्याचे मुंबईत बूड आहे. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतली एकेक खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात कुटुंब आणि गावाहून आलेले भाऊबंद. गावकीच्या गाळ्यांत तर पाळीप्रमाणे झोपायचे. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. घराचे भाग पाडायला जागाच नव्हती, म्हणून रूम हेच घर झाले.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले ते सांगायला नको. त्या कामगारांसाठी आणि वारसांसाठी म्हाडाने २ डिसेंबर २०१६ रोजी कोनमधल्या २,४१७ घरांची सोडत काढली. किंमत ६ लाख रुपये. संकुल मूळचे एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरच्या घरांच्या योजनेतले. त्यातला गाळा पुन्हा १६० चौरस फुटांचा, म्हणून दोन जोडून एक घर. करोनाच्या काळात इमारती अलगीकरणासाठी वापरल्या गेल्या, आणि चाव्या मिळायला सोडतीनंतर अनेक वर्षे गेली.

सरकारी कागद या घराला 'सदनिका' म्हणतो. माणसे म्हणतात, 'कोनला रूम लागली'. 'लागणे' हे क्रियापद इथे फार नेमके आहे. नोकरी लागते, नंबर लागतो, ठेचही लागते. 'घेतली' म्हणायला घेणारा लागतो. 'लागली'मध्ये माणूस नुसता वाट पाहत उभा.

साहित्याच्या वाचनात याने फरक पडतो. जयंत पवारांच्या 'अधांतर'मधले संपानंतरचे कुटुंब ज्या चाळीतल्या घरात एकमेकांच्या अंगावर येत राहते, त्याला इंग्रजीत नुसते 'रूम' म्हटले तर परका वाचक बाकीचे घर शोधत बसेल. उलट बाजूने व्हर्जिनिया वुल्फच्या १९२९ च्या प्रसिद्ध पुस्तकाचे पाहा. तिला हवी होती ती आतून कडी लावता येईल अशी खोली, आणि वर्षाला पाचशे पौंड. तिथे 'स्वतःची रूम' म्हटले तर आमच्याकडची बाई आधी विचारील, 'कोणाच्या नावावर?' हा प्रश्न मला वुल्फच्या पौंडांइतकाच रास्त वाटतो, पण कडीचा अर्थ त्यात हरवतो. चाळीतले दार दिवसभर उघडे. एकांत मिळाला तर गच्चीवर. म्हणून वुल्फसाठी मी 'खोली'च घेईन. विहिरीलाही खोली असते, हा अर्थ तिला आयताच मिळतो आणि शोभतो. 'अधांतर'च्या इंग्रजी अनुवादात मात्र 'रूम' ठेवीन आणि प्रस्तावनेत चौरस फूट सांगीन.

कोनच्या जोडगाळ्यांमुळे आता आणखी एक वाक्य शक्य झाले आहे: 'आमच्या रूममध्ये बेडरूम वेगळी आहे.' मराठीत त्यात काहीच खटकत नाही. इंग्रजीत ते करून पाहावे.