पायाला बांधलेली चिठ्ठी

शाळेची सहल वस्तुसंग्रहालयात जाते तेव्हा मुले सर्वांत जास्त रमतात ती प्राण्यांच्या दालनात. पेंढा भरलेला वाघ, काचेच्या डोळ्यांचे घुबड, बरणीतला साप हे सारे तासाभरात पाहून होते आणि परतल्यावर त्यावर निबंध लिहिला जातो. नमुने ही गंमत म्हणून पाहायची वस्तू, एवढाच बोध मुले घेऊन येतात. यात दोष मुलांचा नाही आणि शिक्षकांचाही नाही. दोष मांडणीचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक दालनांत नमुन्याखाली त्याचे नाव लिहिलेले असते, पण तो कोठे, केव्हा आणि कोणी मिळवला हे क्वचितच आढळते. संशोधकाच्या दृष्टीने ही मांडणी उलटी आहे. नाव चुकले तर पुढे दुरुस्त करता येते; स्थळ आणि दिनांक एकदा हरवले की ते परत मिळत नाहीत.

हे पटण्यासाठी आपल्या खानदेशातल्याच एका पक्ष्याचे उदाहरण पाहू.

१८७२ साली एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडमध्ये एक लहानसे घुबड मिळाले. पुढच्याच वर्षी अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे नवी जाती म्हणून वर्णन केले. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. हा पक्षी म्हणजे रानपिंगळा. पुढे खानदेशात नोकरीस असलेले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र तो दिसेनासा झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची अवघी सात कातडी होती. त्यांपैकी एकाच्या चिठ्ठीवर १९१४ साल, गुजरातेतील मांडवी हे ठिकाण आणि कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे नाव होते. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणकारांनी शोध घेऊनही रानपिंगळा सापडला नाही. तो नामशेष झाला असावा, असेच अनेकांना वाटू लागले.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने ही कातडी नव्याने तपासली. कातडे सोलून, आत कापूस भरून शिवण्याची प्रत्येक संग्राहकाची स्वतःची रीत असते. हस्ताक्षरासारखीच ती ओळखता येते. क्ष-किरण चित्रे आणि आतील भरणी पाहता, १९१४ च्या म्हणवल्या जाणाऱ्या नमुन्यात डेव्हिडसन यांच्या कामाच्या खुणा दिसल्या. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना उसवून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी बांधण्यात आली होती! रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली ‘आयबिस’ या नियतकालिकात ही लबाडी सविस्तर मांडली.

मांडवी नकाशावरून पुसली गेली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे तेवढी उरली. त्याच गावांच्या आधारे शोध सुरू झाला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना जिवंत रानपिंगळा दिसला. शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी! पुढे तो तोरणमाळ, मेळघाट, तानसा येथेही आढळला. एका खोट्या चिठ्ठीने शोधाची दिशा चुकवली, तर खऱ्या चिठ्ठ्यांनी पक्षी परत मिळवून दिला.

असे नमुने ज्याने जपले त्याला त्यांचा उपयोग ठाऊक असतोच असे नाही. इंग्लंडमधील हौशी लोकांनी बहिरी ससाण्याची अंडी जमवली, तेव्हा डीडीटी वापरात नव्हते. १९६७ साली डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहालयांतील व खासगी संग्रहांतील अंड्यांची कवचे तपासली. १९४७ च्या सुमारापासूनची कवचे आधीच्या कवचांपेक्षा जवळपास एक पंचमांशाने हलकी भरली. कीटकनाशकांचा पक्ष्यांवरील परिणाम सिद्ध करण्यात या पुराव्याचा मोठा वाटा होता. अंड्यावर साल लिहिलेले नसते, तर ही तुलनाच अशक्य होती. आज जुन्या कातड्याच्या पायाच्या कणभर ऊतीतून डीएनए मिळतो. डेव्हिडसन यांच्या काळी त्याची रचना कोणाला ठाऊक होती?

कोणी म्हणेल, आता छायाचित्रे आहेत, पक्षी मारून कशाला ठेवायचे? दुर्मिळ पक्षी मारावेत असे मी मुळीच म्हणत नाही. प्रश्न आहे तो जे आधीच जपले गेले आहेत त्यांचा. छायाचित्रातून कवचाचे वजन करता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: खानदेशातल्या पक्ष्याचे पुरावे सातासमुद्रापलीकडे का? ह्यूम यांचा प्रचंड संग्रहही १८८५ साली लंडनला गेला. हा वारसा आपलाही आहे, हे म्हणायलाच हवे. पण तसे म्हणताना आपण आपल्याकडचे कसे सांभाळतो, हेही पाहावे. २६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीचे राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय आगीत जळाले.

आगच लागावी लागते असेही नाही. काही वर्षांपूर्वी एका जुन्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात गेलो होतो. कपाटे नुकतीच रंगवलेली होती आणि प्रत्येक पक्ष्यापुढे छापील, सुबक पाटी होती. पायांच्या चिठ्ठ्या कोठे गेल्या, असे विचारले. “पिवळ्या पडल्या होत्या, काढून टाकल्या,” असे उत्तर मिळाले. काढणाऱ्याने स्वच्छताच केली होती. पण त्या एका दुपारी सारे नमुने मुके झाले.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या सहलीत दोन-चार नमुन्यांपाशी थांबून मुलांना विचारायला लावा: हा कोठला? केव्हाचा? नोंदवही पाहायला मिळेल का? आणि शाळेच्या कपाटातल्या दगडांना, शेंगांना, बियांना आजच चिठ्ठ्या बांधा. गाव, दिनांक, गोळा करणाऱ्याचे नाव. शाई पाण्याने न पुसणारी हवी. जुनी चिठ्ठी असेल तर ती तशीच राहू द्या, कितीही पिवळी पडलेली असली तरी.