आवडती गाडी आणि प्रथम पुरुष

घोडबंदर रस्ता महामार्गास मिळतो त्या माजिवडा नाक्यावर गाडीस ओरखडा आला, तर चालक ‘गाडी घासली’ म्हणतो, कर्ती गाडीच. शर्यतीच्या व्हिडिओ खेळात मात्र तोच ‘मी धडकलो’ म्हणतो. गाडी प्रथम पुरुषात विरून जाते. मग तिच्यावर प्रेम जडावे कसे? ‘नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड’ने (२००५) यास चतुर उत्तर दिले. आरंभी हाती आलेली बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर रेझर कपटाने जिंकून नेतो. त्याच्यासह १५ प्रतिस्पर्ध्यांना हरविल्यावाचून ती परत मिळत नाही. दुरावते तेव्हाच ती ‘ती’ होते. आलंकारिकांचा विप्रलंभ तो हाच; केवळ अश्वशक्ती मोजून या पसंतीचा उलगडा होणार नाही. ‘ग्रॅन तुरिस्मो’त (१९९७) बेताच्या पैशांत जुनी गाडी घेऊन ती सुधारीत जावे लागते. तेथील ममत्व गृहस्थाचे. वेगवान गाड्या मिळाल्यावरही ती जुनी विकवत नाही.