बरोबर उत्तराच्या पुढे

काही वर्षांपूर्वी नाशिकच्या एका शाळेत आंतरशालेय प्रश्नमंजुषेची अंतिम फेरी होती. प्रश्न विचारण्याचे काम माझ्याकडे होते. ‘६१७४ ही संख्या कोणत्या भारतीय गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते?’ हा प्रश्न मी वाचला आणि तो पुरा होण्याआधीच घंटी वाजली. आठवीतली एक मुलगी म्हणाली, ‘कापरेकर.’ दहा गुण मिळाले, टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका मुलाने हात वर केला. ‘सर, पण ६१७४ मध्ये एवढे आहे तरी काय?’ मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, ‘ते नंतर सांगतो.’ ते ‘नंतर’ त्या दिवशी काही आले नाही.

चूक माझीच होती. पण ती करताना आपण काही चुकतो आहोत असे मला वाटलेही नाही. कारण प्रश्नमंजुषा म्हणजे असेच असते, हे माझ्या मनावर दूरदर्शन संचाने कित्येक वर्षे ठसवले होते. म्हणून या कार्यक्रमांकडे, विशेषतः ‘कौन बनेगा करोडपती’कडे, शिक्षकाच्या नजरेने एकदा नीट पाहायला हवे.

घंटीपासून खुर्चीपर्यंत

आपल्याकडे प्रश्नमंजुषा घरोघर पोचली ती आधी रेडिओवरून. १९७२ मध्ये सुरू झालेली ‘बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट’ आधी हमीद सयानी आणि नंतर त्यांचे बंधू अमीन सयानी यांच्या आवाजात ऐकत एक पिढी वाढली. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ आला. १९९२ पासून डेरेक ओब्रायन बोर्नव्हिटाचीच स्पर्धा झी टीव्हीवर घेऊ लागले. हे कार्यक्रम चांगले होते, पण त्यांची भाषा इंग्रजी होती आणि त्यांत चमकणारी मुले बहुतेक मोठ्या शहरांतल्या इंग्रजी शाळांची असत. आमच्याकडची मराठी शाळेतली मुले ते कौतुकाने पाहत, पण लांबून.

३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला आणि हे अंतर एकदम कमी झाले. मूळ कल्पना इंग्लंडमधल्या, १९९८ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमाची. आपल्याकडच्या निर्मितीमागे पुन्हा सिद्धार्थ बसूच होते. भाषा मात्र हिंदी, समोर अमिताभ बच्चन आणि प्रवेशासाठी फक्त टेलिफोन. कोणत्या शाळेत शिकलात, हे कोणी विचारत नव्हते. त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी एक कोटी रुपये जिंकले. २०१३ मध्ये ‘कोण होईल मराठी करोडपती’ सचिन खेडेकरांच्या सूत्रसंचालनाने मराठीत आला. २०१९ मध्ये हिंदी कार्यक्रमात अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. त्या शाळेत मुलांची खिचडी शिजवत आणि त्यांना महिना १५०० रुपये मानधन मिळे. शाळेतला सर्वांत हुशार माणूस स्टाफरूममध्येच बसलेला असतो असे नाही, हे त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. या कार्यक्रमाच्या जमेच्या बाजूला एवढी एकच गोष्ट मांडली तरी ती लहान नाही.

आकर्षण कशाचे?

पैशाचे, असे उत्तर सोपे आहे. पण घरी बसलेल्या माणसाला तर पैसे मिळत नाहीत, तरी तो जेवणाचे ताट घेऊन समोर बसतो. मला वाटते, खरे आकर्षण चार पर्यायांत आहे. नुसता प्रश्न विचारला तर ज्याला येत नाही तो गप्प बसतो. चार पर्याय दिले की प्रत्येकाला काहीतरी म्हणता येते. आजी ‘ब’ म्हणते, नातू ‘ड’ म्हणतो, आणि आपण गरम खुर्चीवरच्या माणसाच्या बरोबरीने खेळू लागतो.

दुसरे आकर्षण त्याहून मोलाचे आहे. घंटीच्या स्पर्धेत उत्तर एकदम बाहेर पडते, त्यामागचा विचार दिसत नाही. खुर्चीवरचा माणूस मात्र मोठ्याने विचार करतो. ‘हा राजा तर फार नंतरचा, म्हणजे ‘अ’ नाही. हे शहर नदीकाठी नाही, म्हणजे ‘क’ही नाही.’ जे असू शकत नाही ते बाजूला सारत जाणे ही विज्ञानातलीच रीत आहे, आणि ती रोज रात्री लाखो घरांत दिसत होती. पुढच्या पर्वांत सुरुवातीच्या प्रश्नांना घड्याळ लागले आणि नेमका हा भाग आक्रसला. माझ्या मते कार्यक्रमाने स्वतःचे केलेले हे सर्वांत मोठे नुकसान.

खेळातले गणित

या खेळात वर्गात नेण्यासारखे पुष्कळ आहे. ‘प्रेक्षकांचे मत’ घ्या. समजा, १०० प्रेक्षकांपैकी फक्त २० जणांना उत्तर येते. उरलेले ८० अंदाजाने बटण दाबतात आणि चारही पर्यायांत सारखे विभागले जातात. मग बरोबर पर्यायाला २० अधिक २० अशी ४० मते आणि बाकीच्यांना २०-२० मते पडतात. ऐंशी जणांना काही येत नसताना सभा मात्र बरोबर उत्तर देते! याच खेळाच्या अमेरिकी आवृत्तीत प्रेक्षकांचे उत्तर ९१ टक्के वेळा, तर फोनवरच्या जाणकार मित्राचे सुमारे ६५ टक्के वेळा बरोबर आल्याची नोंद जेम्स सुरोविकी यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात केली आहे. अट एकच, चुका एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. सगळ्यांचा गैरसमज सारखाच असेल तर हीच सभा एकमुखाने चुकते.

आता खेळ सोडायचा कधी? २०१९ च्या पर्वात ६,४०,००० रुपयांवर पोचलेल्या स्पर्धकाचा पुढचा प्रश्न १२,५०,००० चा असे आणि चुकल्यास तो ३,२०,००० वर येई. काहीच माहीत नसताना चारांतून एक निवडला, तर सरासरी मिळकत ५,५२,५०० रुपये येते, म्हणजे हातातल्या रकमेपेक्षा कमी. दोन पर्याय कटले की तीच सरासरी ७,८५,००० होते. तरीही शहाणी माणसे इथे खेळ सोडतात, कारण सरासरी शंभर वेळा खेळणाऱ्याला उपयोगी पडते आणि ती खुर्ची आयुष्यात एकदाच मिळते. दहावीच्या वर्गात संभाव्यता शिकवताना यापेक्षा जिवंत उदाहरण शोधावे लागत नाही.

उणे बाजू

मग तक्रार कशाबद्दल? पहिली गोष्ट, या खेळात ‘अवघड’ याचा अर्थ ‘खोल’ असा नसतो, ‘थोड्यांना ठाऊक असलेले’ एवढाच असतो. मंगळाला किती उपग्रह आहेत, हा प्रश्न चार पर्यायांत नीट बसतो. आकाश निळे का दिसते, हा बसवता येतो, पण मग उत्तर एका शब्दाचे उरते आणि समज बाहेर राहते. प्रश्नाला किंमत लावली की मुले नकळत ज्ञानालाही तसाच भाव लावतात. दुर्मीळ तारीख कोटीची आणि पाणी वर का चढते हे हजाराचे!

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रश्नमंजुषेत विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. विज्ञानात विचारणाऱ्यालाच ते ठाऊक नसते, म्हणून तर तो विचारतो. आमच्या वर्गातही बहुतेक प्रश्न पहिल्या जातीचे असतात. फळ्यापाशी उभा असलेला माणूस विचारतो आणि बाकावरचे मूल त्याच्या मनातले उत्तर हुडकते. टीव्हीने ही सवय लावली नाही, आमचीच सवय घेऊन तिला रोषणाई केली.

याच्या उलट दिशेने जाणारा कार्यक्रमही आपल्याकडे होऊन गेला. १९९० च्या दशकात दूरदर्शनच्या ‘टर्निंग पॉइंट’मध्ये प्रश्न प्रेक्षक विचारत आणि उत्तरे प्रा. यशपाल देत. विश्वकिरणांवर संशोधन केलेला हा माणूस साध्या शंकेपुढेही घटकाभर थांबे, हसे आणि मग बोलू लागे. त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने १९९३ च्या अहवालात म्हटले होते, की दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे मोठे आहे. तो कार्यक्रम बंद पडला आणि करोडपतीला २०२५ मध्ये २५ वर्षे झाली. लोकांना काय आवडते हे यावरून कळते. मुलांना काय हवे असते हे मात्र मागच्या रांगेतल्या त्या हातावरून कळते.

देवळालीचे मास्तर

आता ते राहिलेले उत्तर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) नाशिकजवळच्या देवळालीत १९६२ पर्यंत शाळामास्तर होते. ना संशोधन संस्था, ना डॉक्टरेट. आकड्यांशी खेळण्याचा नाद मात्र जबर. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, अंक सगळे सारखे नकोत. करोडपती सुरू झाले ते २००० हे वर्षच घेऊ. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि वजाबाकी करा.

२००० – ०००२ = १९९८
९९८१ – १८९९ = ८०८२
८८२० – ०२८८ = ८५३२
८५३२ – २३५८ = ६१७४
७६४१ – १४६७ = ६१७४

पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचाल. कापरेकरांनी ही गोष्ट १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. आपल्याकडे तिची फारशी दखल घेतली गेली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा जगाला देवळालीचे मास्तर ठाऊक झाले.

गेल्या वर्षी मी हे वर्गात करून घेतले. घंटी नव्हती, गुण नव्हते. एकाने विचारले, तीन अंकी संख्येचे काय? करून पाहिले, ४९५ आले. मग दोन अंकी संख्या घेतल्या, तर ४५, ०९, ८१, ६३, २७ आणि पुन्हा ४५ असे नुसते चक्र फिरत राहिले. एक मुलगी म्हणाली, ‘सर, प्रत्येक वजाबाकीला नऊने भाग जातो. का?’ तास संपला, आणि मी त्या मुलांना म्हणालो, ‘उद्या तुम्हीच सांगा.’

प्रश्नमंजुषा बंद करा असे मी म्हणणार नाही, मुलांना ती आवडते आणि मलाही. मात्र पुढच्या वेळी फेरीतले निम्मे प्रश्न कमी करू या. बरोबर उत्तरानंतर दोन मिनिटे राखून ठेवू या आणि समोर बसलेल्यांना विचारू या, ‘यावर कुणाला काही विचारायचे आहे?’